नंदा तर इथंच हाये

जैबुनबीनं शेवयांची मशीन विकायला काढली, हे नंदाबाईला कळलं ते परक्या माणसाच्या तोंडून. वणीचा एक जण आला, त्यानं मशीनचा पट्टा ओढून बघितला, मोटर चालू करायला लावली आणि तिलाच विचारलं, "जाळ्या किती हायेत? बारीक शेवयाची निघते का चांगली?"

नंदाबाईनं जाळ्या काढून दाखवल्या. तो गेल्यावर आतल्या खोलीत जाऊन म्हणाली, "खाला, मले सांगाचं होतं ना."

जैबुनबी लसूण सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही. "क्या सांगू, बेटा? जीशान ऐकतच नाही. म्हणते, अम्मी, नागपूरले चल, तिथं एकटी कायले राह्यतं? रमजानच्या पहले जाना है मेरेको. तू घेत असशील तर मी त्या वणीवाल्याले नाही म्हणतो."

एकटी. सहा वर्षं दोघी एका ताटलीतली भाजी वाटून खात होत्या, तरी जीशानच्या हिशेबात त्याची आई एकटीच होती. नंदाबाईला ते टोचलं, पण बोलणार कुणाला? पोराचं काही चुकीचं नव्हतं. आई म्हातारी झाली की पोरानं घेऊन जावं, ही चांगलीच गोष्ट. फक्त त्या चांगल्या गोष्टीत नंदाबाईचं काम जात होतं आणि मशीनमागची भाड्याची खोली जात होती, जिच्यात ती झोपायची. शिवाय मारेगावात तिच्याशी दोन घास बरोबर खाणारं जे एकुलतं एक माणूस होतं, तेही जात होतं. माणसाला काही ती थांबवू शकत नव्हती, मशीन मात्र थांबवता आली असती. नव्वद हजार किंमत होती. तिच्याजवळ वीस होते.

म्हणून ती बँकेत गेली.

बँकेत तिला एक गोष्ट आवडायची, ती म्हणजे तिथं तिला नावानं बोलवत. बाकी गावात ती शेवयावाली होती. घरमालकाच्या पोरांची मावशी होती, जैबुनबीची बेटा होती. नंदाबाई पूनमसिंग आडे ही बाई फक्त बँकेच्या खिडकीपुरती उरली होती. त्या दिवशीही साहेबांनी नावानंच हाक मारली. समोर बसवून त्यांनी कॉम्प्युटर थोडा तिच्याकडे वळवला, जसं काही तिला वाचता येणार होतं.

"नंदाबाई, तुमचं आधीचं कर्ज थकलेलं आहे. बुडीतच दाखवतंय. असा रिपोर्ट असला तर वरून मंजुरी मिळत नाही."

ती हसली. तिला वाटलं, साहेब थट्टा करताहेत. जन्मात तिनं उधारीवर काडीपेटीसुद्धा आणली नव्हती.

"मंग त्या मशीनमंधी चुकलं असन, साहेब."

"चुकलं असेल तर दुरुस्त करून घ्या. आधी रिपोर्ट काढा, तक्रार टाका."

बसस्टँडसमोर दिपालीचं ऑनलाइन केंद्र होतं. सातबारा, जातीचा दाखला, पोरांचे फॉर्म, सगळं तिच्याकडे. तिनं आधार नंबर टाकला, पॅन टाकला, नंदाबाईच्या मोबाइलवर आलेला आकडा विचारला आणि सात पानं छापून काढली.

"मावशी, तुमचे दोन पत्ते हायेत यात. एक मारेगाव. एक ढाणकीजवळचा तांडा."

दिपालीनं पुढचं पान घेतलं.

"आन् गटाचं कर्ज हाये, तीस हजार. हप्ते भरले चांगले वर्षभर. शेवटचा हप्ता ऑक्टोबर २०२३. त्याच्यानंतर काहीच नाही. तांड्यावरून कधी आल्या तुम्ही?"

"नऊ वर्सं झाले."

"मंग हे तुमचं नाहीच. नाव, नवऱ्याचं नाव, जन्मतारीख एकच दिसली, तं कॉम्प्युटरनं दोघींची एक केली. मतदान कार्ड दिलेलं हाये कर्जाले. तुमचं कार्ड कुठं हाये?"

कार्ड तांड्यावरच्या लोखंडी पेटीत राहिलं होतं. त्यावरचा फोटो असा काळाठिक्कर छापला होता की ती बाई कोण, हे खुद्द नंदाबाईलाही सांगता आलं नसतं. तांड्यातल्या कुठल्याही बाईला ते कार्ड चाललं असतं.

नवऱ्याचं, पूनमसिंगचंच काम, तिच्या लगेच ध्यानात आलं. संताप आला. पण खरं सांगायचं तर त्या संतापाच्या खाली कुठंतरी तिला बरंही वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. नऊ वर्षांत त्या माणसानं फोन केला नव्हता, निरोप पाठवला नव्हता. निदान कर्ज काढताना तरी त्याला तिचं नाव आठवलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी भांडण झालं होतं दोन शेळ्यांवरून. शेळ्या तिच्या होत्या, त्यानं न विचारता विकल्या. तिनं गाठोडं बांधलं, "मी जाऊन राह्यली," असं दारात दोनदा म्हटलं आणि मारेगावला मावशीकडे आली. तिचा हिशेब सरळ होता. आठ दिवसांत तो न्यायला येईल, ती आणखी दोन दिवस ताणून धरेल, मग जाईल. आठाचे पंधरा झाले. दर दुपारी ती यवतमाळची गाडी यायच्या वेळेला काहीतरी निमित्त काढून स्टँडवर जायची. पुढं कळलं की त्यानं दुसरी आणली. मग तिनं स्टँडवर जायचं सोडलं. पुढं मावशी वारली आणि जैबुनबीला मशीनवर हाताखाली बाई हवी होती.

दिपालीनं तक्रार टाकली. तिथं निवडायला ओळी दिलेल्या होत्या: नाव चुकीचं आहे, पत्ता चुकीचा आहे, हे खातं माझं नाही. दिपालीनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हेच ना?" नंदाबाईनं मान डोलावली. तीस दिवस वाट बघायची होती. तेवढे दिवस थांबायला जैबुनबीनं वणीवाल्याला लावलं.

एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. कर्ज देणाऱ्या कंपनीनं माहिती तपासली, माहिती बरोबर आहे, बदल केला नाही.

"बरोबर कसं काय?" नंदाबाईनं विचारलं.

"त्यांच्या कागदावर नंदाबाई पूनमसिंग आडे, तुमच्या कागदावर बी तेच. त्यांनी जुळवून पाह्यलं, जुळलं." दिपालीनं पान उलटलं. "इथं एक मोबाइल नंबर हाये मावशी. तुमचा नाही तो. लावून पाहा."

नंबर चार दिवस तिच्या ब्लाउजमध्ये राहिला. पाचव्या दिवशी जैबुनबी दुपारच्या नमाजाला बसली तेव्हा तिनं तो लावला. काय बोलायचं ते तिनं घोकून ठेवलं होतं. पूनमसिंगनं उचलला तर आधी शिवी द्यायची, मग काम सांगायचं.

बाईनं उचलला. "हालो?"

"कोण बोलून राह्यलं?" नंदाबाईनं विचारलं.

"मी नंदा."

घोकलेलं सगळं विसरून नंदाबाईनं फोन बंद केला. मग ती मशीनच्या ओट्यावर बसली. जैबुनबी नमाज आटोपून आली आणि म्हणाली, "क्या हुआ? किसका फोन था?" "माझाच," असं नंदाबाई म्हणाली. जैबुनबीला वाटलं, पोरगी जास्तच काळजी करते.

संक्रांत झाल्यावर ती निघाली. मारेगावहून यवतमाळ, यवतमाळहून उमरखेड, तिथून ढाणकी. एक मुक्काम उमरखेडच्या धर्मशाळेत केला. ढाणकीपासून तांडा तीन किलोमीटर, ते ती चालत गेली. वाटेत ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगायचं याची तिला धास्ती होती. पण फारसं कुणी भेटलं नाही, आणि जे भेटले त्यांनी ओळखलं नाही. हे जास्त वाईट होतं.

घर पक्कं झालं होतं. घरकुलातलं, निळ्या रंगाचं. दारावर पत्र्याची पाटी होती: लाभार्थी, नंदाबाई पूनमसिंग आडे. ती पाटीची अक्षरं जुळवत उभी असतानाच घराच्या मागून हाक आली.

"नंदा! ए नंदा! पाणी आन माय."

"हाव याडी," नंदाबाईच्या तोंडून निघून गेलं. याडी म्हणजे आई, सासूला ती तेच म्हणायची. नेमक्या त्याच वेळी घरातूनही कुणीतरी म्हणालं, "हाव याडी, आली."

आतून पस्तिशीची एक बाई पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आली आणि दारात थबकली. त्या बाईनं गडवा आधी मागं नेऊन म्हातारीला दिला, मग पदर सारखा करून परत आली आणि हळूच म्हणाली, "तुमी नंदाबाई ना? त्या दिवशी फोन तुमीच केलता?"

"अन् तू कोन?"

"मी जमनी."

नऊ वर्षं मनात साठवलेलं भांडण घेऊन नंदाबाई आत गेली. ते भांडण तिला करता आलं नाही, कारण समोरच्या भिंतीवर पूनमसिंगचा फोटो होता आणि फोटोला प्लास्टिकच्या फुलांचा हार होता. खाली तारीख रंगवली होती, आठ नोव्हेंबर २०२३.

ऑक्टोबरचा हप्ता भरला होता. नोव्हेंबरचा भरला नाही. सात पानांचा तो कागद दोन महिने तिच्याजवळ होता. नवरा गेल्याची एवढीच काय ती खबर तिच्यापर्यंत पोचली होती, आणि ती तिला वाचता आली नव्हती.

तिचा हात गळ्याशी गेला. काळ्या मण्यांची पोत अजून गळ्यात होती. दोन वर्षं ती मेलेल्या माणसाच्या नावानं पोत घालून मारेगावात शेवया काढत होती.

"मले कोनी सांगतलं काहून नाही?"

जमनी खाली बघत म्हणाली, "मी म्हटलंतं भावकीले. म्हटलं, नंदाबाईले कळवा, तिचा हक हाये. ते म्हणे, नंदा तर इथंच हाये. रडून तं राह्यली."

नंदाबाई खाली बसली. तिला रडू आलं, पण पूनमसिंगसाठी नाही. त्याच्यासाठी रडण्याची वेळ निघून गेली होती. आपल्या वाटचं रडणंसुद्धा कुणीतरी रडून घेतलं, आणि आपल्यावाचून कुणाचं काही अडलं नाही, याचं तिला रडू आलं. ती स्टँडवर उभी राहून वाट बघत होती तेव्हा या घरात नंदा म्हणून हाक मारली की ओ येत होती. मग कोण कशाला मारेगावला येईल?

जमनीनं चहा ठेवला. चहा होईपर्यंत तिनं सगळं सांगितलं, न विचारता. कुणाला तरी सांगायची तीही वाट बघत असावी.

"मले आनलं तवा हे म्हणे, राशनकार्डावर नंदा हाये, गॅसच्या पुस्तकावर नंदा हाये, घरकुलाच्या यादीत नंदा हाये. आता नवी बायको आनली म्हणून उमरखेडले चकरा कोन मारन? तू आजपासून नंदा. मी म्हटलं, बरं. मले वाटलं महिना-दोन महिन्याचं काम हाये. मंग यायच्या पोटात दुखनं निघालं, तवा गटातून तीस हजार काढले. त्या मॅडमनं कार्ड मांगतलं, मी पेटीतलं देल्लं. हे गेले अन् हप्ते राह्यले. कंपनीवाले म्हणे, मयताचा दाखला आना, विम्यातून कर्ज माफ होते. पण तिथं माझं आधार मांगतलं. आधारवर मी जमनी, माहेरचं हाये ते. मी भेली अन् गेलीच नाही."

"मले तुह्या हप्त्याचं काही नाही पडलं," नंदाबाई म्हणाली. "मले मशीन घ्याची हाये. ते कर्ज माझ्या नावावरून काढ. कंपनीत येऊन एवढंच सांग, का मी नंदा नव्हं."

जमनीचा चेहरा उतरला. "राशन बंद होईन काहो?"

"राशनचं मी काही म्हणत नाही. घराचं बी नाही. मी काही पाटी उपटाले आली नाही."

जमनी चुलीपाशी बसून विचार करत राहिली. नंदाबाईला वाटलं, आता ही नाही म्हणणार. तिच्या जागी आपण असतो तर आपणही नाही म्हटलं असतं.

"येतो मी," जमनी म्हणाली. "माझ्या पोरीच्या, अंजूच्या शाळेत आईचं नाव नंदा लिवलं हाये. माहेरचे लोक बी आता नंदाच म्हणते. उद्या मी मेली, तं जमनी मेली का नंदा मेली, कोनाले समजन?"

निघताना नंदाबाई मागच्या अंगणात गेली. सासू लालीबाई खाटेवर बसली होती, डोळ्यांत पांढरं उतरलं होतं. नंदाबाईनं तिच्या पायांवर हात ठेवला. म्हातारीनं तो हात चाचपला, मनगटापर्यंत बोटं फिरवली.

"हे कोन व्हय, नंदा?"

जमनी गडबडली. नंदाबाईकडे बघून म्हणाली, "पाहुनी हाये, याडी."

"बरं. चहा पाज तिले," लालीबाई म्हणाली.

उमरखेडला कंपनीचं ऑफिस मोबाइलच्या दुकानावर होतं. साहेब तरुण होता आणि आधी चांगलाच चिडला. मग दोघींकडे आलटून पालटून बघून त्यानं जुनी फाइल काढली, कर्ज घेतानाचा फोटो आणि अंगठा काढला. फोटो सरळ सरळ जमनीचा होता. दोन वर्षांत तो कुणी उघडून बघितलाच नव्हता, नाव जुळलं एवढ्यावर भागलं होतं.

"कर्ज कोणी घेतलं?"

"मी," जमनी म्हणाली.

"नाव सांगा."

"नंदा," ती सवयीनं म्हणाली आणि तिनं जीभ चावली. मग तिनं एकदा नंदाबाईकडे पाहिलं. "जमनी. जमनी पूनमसिंग आडे." पहिल्या दिवशी शाळेत उभं केलेल्या पोरीसारखी ती बोलली. बोलून झाल्यावर तिनं कपाळावरचा घाम पुसला.

साहेबानं जबाब लिहून घेतला. विम्याचा अर्ज उशिरा का होईना टाकू, होईल की नाही सांगता येत नाही, पण या बाईंच्या नावावरून कर्ज आजच हटवायला पाठवतो, असं तो म्हणाला. मग नंदाबाईचा अर्ज पुढं घेतला. नाव, पत्ता, जन्मतारीख भरून झाली आणि त्याचा पेन एका रकान्यावर थांबला.

"विवाहित की विधवा?"

नंदाबाईनं त्या रकान्याकडे पाहिलं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, ती कुणाला काय सांगणार?

"विधवा," ती म्हणाली. साहेबानं तेवढ्याच चौकोनात खूण केली आणि खाली सही मागितली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नवा रिपोर्ट आला. या वेळी तो तीनच पानांचा होता. दिपालीनं वाचून दाखवला. पत्ता एक, मारेगाव. कर्ज काही नाही. तांडा नाही, तो फोन नंबर नाही, हप्ते नाहीत.

"अन् मार्क किती आले?"

"मार्क नाहीत मावशी. उणे एक लिवलं हाये. म्हणजे तुमचा काहीच इतिहास नाही."

"काहीच नाही?"

"कोरी पाटी. चांगलं असते हे."

बँकेच्या साहेबांनीही तेच सांगितलं. इतिहास नसला तर वाईटही म्हणता येत नाही. मशीन तारण ठेवून सत्तर हजार देऊ. नंदाबाईनं कागदांवर सह्या केल्या. आनंद झालाच, नाही कशाला म्हणायचं? मशीन राहिली, खोली राहिली. फक्त घरी येताना ते "काहीच इतिहास नाही" तिच्या डोक्यातून जाईना. जे होतं ते सगळं दुसरीचं होतं. ते काढून टाकल्यावर खाली तिचं स्वतःचं काही निघालं नव्हतं.

रमजान लागायच्या तीन दिवस आधी जीशान गाडी घेऊन आला. जैबुनबीनं मशीनवर हात फिरवला, तेलाची बाटली कुठं आहे ते दहाव्यांदा सांगितलं. "ईद को आना, बेटा," म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत गाडीत बसली. गाडी वळेपर्यंत नंदाबाई दारात उभी होती. मग आत आली. एका माणसाचा भात टाकायला घेतला, आणि मापानं दोघींचाच पडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाइकांचं पीठ मळून ठेवलं होतं, मोटर चालू करणार तेवढ्यात फोन वाजला.

"हालो, जमनी बोलून राह्यली."

नव्या मतदान कार्डाला अर्ज टाकला, विम्याचं अजून काही कळलं नाही, अंजूला बरं नव्हतं, आता बरं आहे, असं काय काय तिनं सांगितलं. मग थोडी घुटमळली. "एक इचारू काहो? याडी मले अजून नंदाच म्हणते. लय समजावलं, मी जमनी, मी जमनी. तिच्या ध्यानातच नाही राह्यत. तुमाले राग येत असन, तं मी ओ देत नाही."

नंदाबाईला राग आला नाही. रिकाम्या खोलीत ती मशीनला टेकून उभी होती. तांड्यावरची कोंबडी फोनमधून ऐकू येत होती.

"म्हणू दे," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "जमने, फोन याडीपाशी ने. तिनं हाक मारली का तू ओ देऊ नको."

जमनीला समजलं असावं. चपलांचा आवाज आला, खाट करकरली. मग नुसतं म्हातारीचं खोकणं. नंदाबाई थांबली. पीठ सुकत चाललं होतं, तरी ती थांबली.

"नंदा! ए नंदा!"

"हाव याडी," नंदाबाई म्हणाली.

पलीकडं खाट पुन्हा करकरली. म्हातारीनं आवाज ओळखला की काय, कोण जाणे.

"कुठं गेलती वं इतका येळ?" लालीबाई म्हणाली.

"इथंच होती, याडी."